न कुढणारे उंदीर

पिंजऱ्याचं झाकण उघडण्याआधी मामा दोन्ही तळहात एकमेकांवर घासायचे. थंडीत घासले तर एक वेळ समजण्यासारखं आहे. पण सोलापूरच्या एप्रिलमध्ये, टाकीच्या पाण्याने तोंड धुतलं तरी चटका बसतो अशा दिवसांतही, मामा पिंजऱ्यापुढे उभे राहून शांतपणे हात घासत असायचे. पहिल्या वर्षाच्या मुलांना याचं हसू यायचं.

"गार हाताला भ्येत्यात ती," मामा सांगायचे.

"पण मामा, या उन्हात हात गार कसे असतील?"

"तुमाला काय ठावं? तुमाला कुनी उचललंय का?"

मग मुलंही गुपचूप हात घासायची.

आमचं फार्मसी कॉलेज गावाबाहेर होतं आणि त्याच्या मागच्या अंगाला अ‍ॅनिमल हाऊस. नाव भारदस्त, प्रत्यक्षात दोन खोल्या, एक पंखा, एक बऱ्यापैकी चालणारा कूलर आणि रॅकवर ओळीने मांडलेले पांढऱ्या उंदरांचे पिंजरे. मामा तिथले अटेंडंट. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, तिथेच राहिलं. तुमच्याही कॉलेजात असे एखादे मामा असतील. मुलं मामा म्हणतात, प्राध्यापक मामा म्हणतात, प्राचार्यही मामा म्हणतात, आणि वीस वर्षांनी कुणी नाव विचारलं तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

मामा सीमेवरच्या मैंदर्गीचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि उंदरांशी फक्त कानडी. "अंजब्याड, अंजब्याड," म्हणजे भिऊ नको, भिऊ नको, असं पुटपुटत ते उंदीर उचलायचे आणि तो खरोखरच त्यांच्या तळहातावर अंग सैल सोडून बसायचा. आमच्या हातात आला की तोच उंदीर जीव खाऊन ओरडायचा. कितीतरी मुलांना त्यांनी उंदीर धरायला शिकवलं. शेपटीला धरून लोंबकळवणाऱ्याला ते म्हणायचे, "ते काय पिशवीचं बंद हाय का?" एकदा एक उंदीर निसटून प्राचार्यांच्या खोलीत गेला आणि आत चाललेली सगळी मीटिंग खुर्च्यांवर चढली. मामा आले, फरशीवर पालथे पडले, कपाटाखाली तोंड घालून दोन मिनिटं कानडीत काहीतरी बोलले आणि उंदीर बाहेर आला. प्राचार्यांनी विचारलं, "काय सांगितलंत त्याला?" मामा कपडे झटकत म्हणाले, "मीटिंग संपली म्हनलं."

त्यांची दुसरी सवय कागदाची. कुठलंही काम सांगा, ते विचारणार, "कागदावर हाय का?" पूर्वी कधीतरी एका सरांनी तोंडी सांगितलेलं काम त्यांच्या अंगाशी आलं होतं म्हणे. तेव्हापासून मामांनी ठरवलं होतं की कागदावर असेल ते करायचं, सगळं करायचं, आणि कागदावर नाही ते कुणी कितीही ओरडलं तरी करायचं नाही. पिंजरे कधी धुवायचे, खाद्य किती टाकायचं, दिवा कधी बंद करायचा, सगळ्याचे कागद त्यांनी भिंतीला चिकटवून घेतले होते. वाचताना ओळीखालून बोट फिरवायचे. वाचून झालं की ते काम जन्मभर चुकायचं नाही.

मी तिथे शिकवत होते. शिकवता शिकवता पीएच.डी. करत होते असं मी लोकांना सांगायची. खरं म्हणजे पीएच.डी. करता करता मधूनमधून शिकवत होते. विषय होता नैराश्य. हळदीत कर्क्युमिन नावाचा एक पदार्थ असतो. मन खचलेल्या माणसाला त्याचा उपयोग होईल अशी लक्षणं दिसतात, पण तो पाण्यात विरघळत नाही, पोटातून नीट रक्तात जात नाही, आणि रक्तात गेला तरी मेंदू त्याला आत घेत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा पहारा फार कडक असतो. म्हणून मी हळदीतला हा पदार्थ डोळ्याला काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतक्या बारीक स्निग्ध कणांत भरत होते. हे नॅनो कण म्हणजे त्याची वाहनं. त्यांचे थेंब नाकात सोडायचे. नाकाच्या वरच्या भागातून मेंदूकडे जाणारी एक जवळची वाट आहे, तिथून ते आत जातात का ते बघायचं.

मामांना हे मी एकदा समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आदी ह्यास्नी दुखी करायचं. मग हळद द्यायची."

"हो."

"आनि दुखी केलंच न्हाय तर?"

"मग औषध लागू पडलं की नाही, कळणार कसं?"

"त्ये बी खरं हाय," मामा म्हणाले आणि खाद्याचं पोतं उचलून आत गेले.

उंदराला दुःखी कसं करतात हे तुम्हाला माहीत नसेल. त्याचं वेळापत्रक असतं. मी ते टाइप करून मामांना दिलं. एके दिवशी पिंजऱ्यातला भुसा पाणी ओतून भिजवायचा आणि दिवसभर तसाच ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पिंजरा तिरका करून ठेवायचा. एक दिवस पाण्याची बाटली काढून घ्यायची. एक दिवस अनोळखी उंदराच्या पिंजऱ्यात टाकायचं. काय कधी होईल याचा अंदाज लागू द्यायचा नाही. मोठं संकट एकही नाही, पण रोज काहीतरी. असं चार आठवडे केलं की उंदीर कुढायला लागतो. अंग चाटून साफ करत नाही, केस विस्कटतात, खाणं कमी होतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याची गोडाची आवड जाते. साधं पाणी आणि साखरेचं पाणी अशा दोन बाटल्या शेजारी शेजारी लावल्या तर धडधाकट उंदीर साखरेच्या बाटलीला चिकटतो. कुढणाऱ्या उंदराला दोन्ही सारख्याच. मग त्याला पाण्याच्या उभ्या काचपात्रात सोडतात. बरा असलेला उंदीर बाहेर पडायची धडपड करतो. खचलेला लवकर थांबतो आणि नुसता तरंगत राहतो. किती सेकंद तरंगला ते मोजतात.

मामांनी वेळापत्रकाखालून बोट फिरवलं. "ह्ये कुनी ठरवलं?"

"जगभर असंच करतात, मामा."

"जगाला लई कामं हायत," ते म्हणाले. कागद मात्र त्यांनी भिंतीला चिकटवला.

चार आठवडे त्यांनी त्यातली एकही ओळ चुकवली नाही. मी रोज सकाळी जाऊन बघत असे. भुसा ओला म्हटलं की ओला, पिंजरा तिरका म्हटलं की तिरका. रजिस्टरमध्ये प्रत्येक कामापुढे त्यांची वळणदार सही. मी निर्धास्त होते.

चार आठवड्यांनी दोन बाटल्या लावल्या. सगळे उंदीर साखरेच्या पाण्यावर तुटून पडले. काचपात्रात सोडले तर शाळेतल्या पोहण्याच्या स्पर्धेत उतरल्यासारखे पोहत राहिले. केस तुळतुळीत, डोळे लकलकीत. उंदीर छान होते आणि माझा प्रयोग पार मेला होता.

माझे गाईड सर तापट होते. "हा प्रयोग आहे की पाहुणचार?" असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी वेळापत्रक तसंच पुढे चालू ठेवलं, साखर बदलली, बाटल्या बदलल्या, आकडे चार वेळा तपासले. सरांना संशय मामांचा होता. ते उंदरांना शेंगदाणे चारत असणार म्हणून. मी म्हटलं, तसं होणार नाही, शेंगदाणे कागदावर नाहीत. तरीही एक दिवस जेवणाच्या सुट्टीत कुणाला न सांगता अ‍ॅनिमल हाऊसमध्ये गेले.

मामा उपड्या बादलीवर बसले होते. त्यांच्या मांडीवर पंचा होता आणि पंच्यात एक भिजलेला उंदीर. त्याचं पोट ते हलक्या हाताने पुसत होते आणि कानडीत बोलत होते. मला कानडी कामापुरतं कळतं. मुलाचा पुण्याहून फोन आला होता, तो तिकडे राहायला या म्हणतो, गावातल्या विहिरीची मोटर जळली, काल भाकरी कडक झाली, असलं काहीबाही. कामावरून घरी गेलेला माणूस बायकोला सांगतो ते. त्यांची बायको जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. ते कॉलेजमागच्या खोलीत एकटेच राहायचे. एक उंदीर पुसून झाला की त्याला ओल्या भुशावर परत ठेवायचे आणि दुसरा घ्यायचे. तसे ते रोज सगळ्यांना घेत होते.

आज हे सगळं मला वेगळं दिसतं. पण खोटं कशाला सांगू? त्या दुपारी मला मामांनाच पिंजऱ्यात कोंडावंसं वाटलं होतं. माझा दीड महिना गेला होता.

"मामा, हे काय चाललंय?"

ते दचकले नाहीत. "भिजल्यात की. पुसतुया."

"भिजवायचंच होतं ना त्यांना?"

"भिजवलं की. कागदावर हाय तेवढं समदं केलं. भुसा बी वला हाय अजून, बगा. त्याच्या म्होरं पुसायचं न्हाय, बोलायचं न्हाय, असं कागदावर कुटं हाय?"

मी कागदाकडे बघितलं. खरंच कुठे नव्हतं. जगातल्या कुणाला ते लिहायची गरज पडली नसावी.

सर म्हणाले, नव्याने सुरू करा आणि त्या माणसाला तिथून हलवा. मीही तेच ठरवलं होतं, म्हणून सगळं सरांच्या अंगावर ढकलत नाही. मामांना औषधी वनस्पतींच्या बागेत पाठवायचं ठरलं. तिथे पाणी घालायचं आणि स्टोअरच्या दाराशी बसायचं. मी सांगायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "कागदावर हाय का?" होतं. मीच टाइप करून आणलं होतं: पुढील लेखी आदेश होईपर्यंत अ‍ॅनिमल हाऊसमध्ये प्रवेश करू नये.

त्यांनी ओळीखालून बोट फिरवलं. "म्होरला आदेस कवा?"

"दोन-अडीच महिन्यांनी. प्रयोग संपला की लगेच."

"रविवारी पानी घालायला येऊ का? रविवारी हितं कुनी नसतंय."

"नाही मामा. मुळीच नाही."

"बोलत न्हाय मी. नुसतं पानी."

"मामा, प्लीज."

"व्हय," ते म्हणाले. त्यांनी कागदाची घडी घातली, हात धुतले आणि बागेकडे गेले.

सुरुवातीला त्यांचं बरं चाललं होतं. मुलांनी विचारलं की म्हणायचे, "माझी बदली झाली. आता झाडं बगतो. चावत न्हाईत." तुळस, ब्राह्मी, अश्वगंधा आणि कोपऱ्यात माझ्याच विषयाची म्हणून मुलांनी हौसेने लावलेली हळद; सगळ्याला ते कागदावर लिहिल्याप्रमाणे पाणी घालायचे. झाडांशी मात्र ते बोलत नसत. मी एकदा गमतीने विचारलं तेव्हा म्हणाले, "झाड काय बगतंय का आपल्याकडं?"

नव्या उंदरांची व्यवस्था एका कंत्राटी माणसाकडे होती. तो कानात इअरफोन घालून काम करायचा आणि उंदरांकडे बघायचाही नाही. प्रयोगाला असाच माणूस हवा होता. तिसऱ्या आठवड्यापासून उंदीर कुढायला लागले. मी रजिस्टरमध्ये रोज लिहीत होते: अंगाची स्वच्छता नाही, केस विस्कटलेले, वजन कमी, हालचाल कमी, कोपऱ्यात बसून राहणे, गोड पाण्याकडे दुर्लक्ष. प्रत्येक नोंदीला मला आनंद होत होता. सर म्हणाले, "आता कसं!"

अ‍ॅनिमल हाऊसकडे जायची वाट बागेवरून होती. दिवसातून दोनदा मी मामांच्या समोरून जात असे. एका आठवड्यात त्यांची दाढी वाढलेली दिसली. पुढे शर्ट तोच तोच दिसू लागला. मग ते बोलवल्याशिवाय उठेनासे झाले. स्टोअरच्या दाराशी स्टुलावर, उन्हाची तिरीप पायावर आली तरी पाय न हलवता, ते बसून असत. हे सगळं मी पाहिलं होतं. पुढे जाऊन तसलंच सगळं मी उंदरांच्या रजिस्टरमध्ये बारीक अक्षरात लिहीत होते. दोन्ही गोष्टी एकाच बाईने, एकाच सकाळी, दहा पावलांच्या अंतरावर पाहिल्या आणि तिला त्यात काही सारखं दिसलं नाही. याला शिकलेला माणूस म्हणतात.

दिसलं ते कँटीनच्या मावशींना. त्यांनी मला थांबवून सांगितलं, "मॅडम, मामा चा पीत न्हाईत. तीन तीन चमचे साखर घालून घ्यायचे. आता कप भरून दिला तर तसाच ठिवत्यात. वर साय धरती."

"उन्हामुळं असेल, मावशी," मी म्हटलं. सोलापुरात मार्च ते जून कशाचंही कारण ऊन असतं. कुणी चिडलं तर ऊन, कुणी झोपून राहिलं तर ऊन. आम्हाला ते फार सोयीचं पडतं.

"ऊन का दरसाली नसतंय?" मावशी म्हणाल्या. मी घाईत होते.

मग थेंब द्यायचे दिवस आले. काही उंदरांना नुसती हळद पोटातून, काहींना माझे नॅनो कण नाकातून, काहींना काहीच नाही. आणि औषध लागू पडलं. पोटातून दिलेल्यांत फारसा फरक नव्हता, पण नाकातून थेंब गेलेले उंदीर हळूहळू अंग चाटायला लागले, गोड पाण्याच्या बाटलीकडे वळले, काचपात्रात पुन्हा धडपडायला लागले. असं यश माझ्या आयुष्यात त्याआधी आलं नव्हतं. मी जवळजवळ पळत बाहेर आले. बागेत मामा होते.

"मामा, हळद लागू पडली."

त्यांनी मान वर केली. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "कुनाला?"

"ज्यांना नाकातून दिली त्यांना."

"खात्यात का आता?"

"खातात. पोहतात."

"बरं झालं." मग त्यांनी पाण्याची नळी हळदीच्या वाफ्यात टाकली. "मॅडम, मान्साला कवा देनार ह्ये?"

"अहो, अजून कितीतरी वर्षं आहेत त्याला. आधी मोठ्या प्राण्यांवर, मग निरोगी माणसांवर, मग शेवटी आजारी माणसांवर."

"आजारी शेवटी व्हय?"

"तशीच पद्धत असते."

"लई लांब हाय की," मामा म्हणाले.

मला त्यांच्या भोळेपणाचं हसू आलं. मी हसले. प्रयोगाबद्दल कौतुकाने विचारतात असं मला वाटलं. हा माणूस स्वतःसाठी विचारतोय, हे माझ्या मनाच्या दारावरूनसुद्धा गेलं नाही. आणि नैराश्य हा माझा विषय होता.

प्रयोगाच्या शेवटी औषध मेंदूत किती पोचलं ते मोजायचं असतं. ते कसं मोजतात हे तुम्ही विचारू नका. पूर्वी असा दिवस आला की मामा न चुकता रजा टाकून गावाला जायचे. त्या वेळी ते बागेतच होते. सगळं आटोपल्यावर मी त्यांना म्हटलं, "मामा, संपलं. नवे उंदीर येतील आता. सोमवारपासून या परत."

"कागद?"

"देते उद्या."

दुसऱ्या दिवशी सरांनी शोधनिबंध लिहायला बसवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी आकृत्या. मग आकडे पुन्हा तपासायचे, मग इंग्रजी सुधारायचं. एका ओळीचा कागद होता. टाइप करायला दोन मिनिटं, सहीला एक. मी जाता-येता मामांना सांगायची, "विसरले नाही हां, उद्या नक्की." नवे उंदीर आले. इअरफोनवाल्याने त्यांना पिंजऱ्यात टाकलं. मामा अ‍ॅनिमल हाऊसच्या पायरीपर्यंत येऊन उभे राहिलेले मला एकदा खिडकीतून दिसले. दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं. त्यांना अडवणारं कुणीही नव्हतं. ते पायरीवरून आत डोकावले, बराच वेळ उभे राहिले आणि परत स्टुलावर जाऊन बसले. मला तेव्हा हसू आलं होतं हे सांगायला हवं. म्हटलं, काय हा माणूस, आत जायचं की सरळ.

असे तीन आठवडे गेले.

एका शनिवारी मामा गावाला गेले आणि सोमवारी आले नाहीत. मंगळवारी त्यांच्या मुलाचा कॉलेजात फोन आला.

मी मैंदर्गीला गेले. घरासमोर मांडव होता, चारपाच माणसं बसली होती. मुलगा पुण्यात कंपनीत आहे, सरळ मुलगा वाटला. त्यानेच मला खुर्ची दिली. उन्हाचा झटका असं डॉक्टर म्हणाल्याचं त्याने सांगितलं. शेजाऱ्यांनी रविवारी संध्याकाळी दार ढकललं तेव्हा ते भिंतीशी बसलेले होते. "पण मॅडम, अंगात काही राहिलंच नव्हतं. तिकडे खोलीवर पिठाचा डबा भरलेला. तवा वापरलेलाच नाही. दोन महिन्यांत एवढा माणूस असा होतो का?"

मला उत्तर पाठ होतं, उंदरांच्या बाबतीत तर आकड्यांसकट.

"मी सारखा म्हणत होतो, पुण्याला या. नेहमी म्हणायचे, तितं बोलायचं कुनासंगं? या वेळी मात्र तयार झाले होते चार दिवस यायला. पण म्हणाले, मॅडम कागद देणार आहेत. उद्या-परवा मिळंल. तो कागद मिळाल्याशिवाय हलता येत न्हाय." त्याने माझ्याकडे बघितलं. "कसला कागद होता, मॅडम? पेन्शनचा का?"

मांडवातली माणसं माझ्याकडे बघत होती. आतून कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढे ठेवला.

"हो," मी म्हणाले. "पेन्शनचाच."

"मग ते काम होईल ना?"

"बघते मी."

परत येताना एसटीत मला रडू आलं. शेजारची बाई जागा करून देत म्हणाली, "कोन गेलं?" काय नातं सांगणार? माझ्या हाताखाली काम करणारे मामा? माझ्यामुळे गेलेले मामा? त्यांच्या खऱ्या नावासाठी मला कॉलेजच्या ऑफिसात फोन करावा लागला होता, हे त्या बाईला कसं सांगणार?

कॉलेजात दोन मिनिटं शांतता पाळली. सर म्हणाले, "वय झालं होतं." मावशींनी माझ्याशी बोलणं कमी केलं. कुणीच मला दोष दिला नाही, आणि ते सगळ्यात वाईट होतं, कारण कुणी दिला असता तर मी निदान भांडले असते.

पुढच्या वर्षी माझी तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, शांत होते, आणि त्यांनी प्रबंध खरोखर वाचला होता. नॅनो कणांचं त्यांनी कौतुक केलं. मेंदूत पोचलेल्या औषधाचे आकडे बघून ते खूश झाले. समोरच्या रांगेत सर हसत बसले होते. बाहेर मुलांनी पेढे आणून ठेवले होते. मग परीक्षकांनी मागचं एक परिशिष्ट उघडलं. तिथे पहिल्या, फसलेल्या प्रयोगाचे आकडे मी नियम म्हणून जोडले होते.

"हे मला फार रंजक वाटलं," ते म्हणाले. "या प्राण्यांना तुम्ही चार आठवडे सगळा त्रास दिलात. औषध काहीही दिलेलं नाही. तरी एकही खचला नाही. तुमच्या औषधाच्या गटापेक्षाही हे आकडे चांगले आहेत. कशामुळे झालं हे?"

त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. चष्मा काढून ते माझ्याकडे बघत होते. सगळं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. समोर सरांच्या कपाळावर आठी पडली.

"अटेंडंटचा निष्काळजीपणा, सर," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली, समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं.